आवाज कुणाचा?

"काका, आवाज येतोय की!"

काल पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने मला हे ऐकवलं, तेही माझाच लॅपटॉप माझ्या कानाशी धरून. 'काका'चं दुःख वेगळंच.

घरी कुकरची शिट्टी झाली की लॅपटॉपवरच्या नाटकाचं मूकनाट्य होतं, एवढीच माझी तक्रार. घरगुती उपाय सगळे करून झाले होते. व्हीएलसी प्लेअरमध्ये आवाज १२५ टक्क्यांपर्यंत ओढला, तर नायिकेच्या नाकात माशी शिरल्यासारखं ऐकू यायला लागलं. सेटिंगमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन'वर टिचकी मारली, तर कुजबुज आणि किंकाळी एकाच पट्टीत. शेवटी लॅपटॉप परातीत ठेवला. त्याने फरक पडला, पण परात कणकेला लागते.

स्टुलावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसले होते. "मला तर स्वच्छ ऐकू येतंय," ते म्हणाले. बघतो तर कानात यंत्र!

"आजोबा, तुमच्या कानात मशीन आहे."

"मग? तुमच्या कानात काय आहे?"

याला काय उत्तर देणार? आजोबांनी यंत्र काढून तळहातावर घेतलं, नखाने त्याचं इवलंसं दार उघडलं आणि खिशातून नवा सेल काढला. "हे तपकिरी स्टिकर सोललं ना, की याला हवा लागते आणि हा जागा होतो. जेमतेम आठवडाभर चालतो, पण काम चोख."

"वा, छान," मी म्हणालो.

"काय?"

यंत्र हातातच होतं. मी ओरडलो, "छान आहे!"

त्यांनी शांतपणे यंत्र कानात बसवलं आणि पोराला म्हणाले, "बघ. कमी ऐकू येणारा माणूस असा ओरडून बोलतो. यांना माझ्या डॉक्टरांचा नंबर लिहून दे."

पोराने दिला. लिहून.

आता खरं सांगतो. माझ्या लॅपटॉपच्या पोटाखाली दोन-दोन वॅटचे दोन स्पीकर आहेत, तोंडं जमिनीकडे. मांडीवर घेतला की नाटक माझ्या लेंग्याला ऐकू जातं. एवढीशी चकती हवा ढकलून ढकलणार किती? ताकद दुप्पट केली तरी वाढणार ३ डेसिबल, म्हणजे कानाला जाणवेल न जाणवेल इतकंच. हे सगळं मला समजतं. पण दरवर्षी लॅपटॉप 'आणखी सडपातळ' करायचा, त्यात आवाजाला जागाच ठेवायची नाही आणि वर त्याचेच जास्त पैसे घ्यायचे? आमच्या आजीचा ट्रान्झिस्टर विटेएवढा जाड होता, पण सकाळच्या बातम्या गोठ्यातल्या म्हशीलाही कळायच्या. तिला कुणी कान तपासायला सांगितलं नाही. आजीलाही नाही, म्हशीलाही नाही.

"चेकिंगचे शंभर झाले, काका."

दिले. पावती मागितली. दोनदा मागितली. त्याला काही ऐकू गेलं नाही.