एका तोंडात दोन लोखंडं

आई व्हिडिओ कॉलवर होती आणि मागे सिंकमध्ये घोडीची बिटं (तोंडात घालायची लोखंडं) भांड्याच्या साबणात भिजत पडलेली. तिला नेमकी साखळीच दिसली. "पैंजण घेतलंस का गं? जाडच आहे जरा." म्हटलं पैंजण नाही गं, घोडीच्या हनुवटीखाली अडकवायची साखळी आहे. मग सगळं सांगावं लागलं, की आमची घोडी आता 9 वर्षांची झाली, ड्रेसाजमध्ये (घोड्याला तालात, शिस्तीत चालवायचा खेळ) बरी चालते, तर बाई (म्हणजे आमच्या ट्रेनर) म्हणाल्या डबल ब्रायडल घालून बघू, त्यात तोंडात एकाच वेळी दोन बिटं असतात. आई गप्प. मग म्हणाली, "एका तोंडात दोन लोखंडं? माथेरानचा घोडा तर नुसत्या दोरीवर चालायचा."

आता जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या खेड्यात बसून मी माथेरानच्या घोड्याशी काय स्पर्धा करणार. इथे ड्रेसाजच्या एल लेव्हलच्या (पायऱ्यांतली एक पायरी) काही टेस्ट कांडारीवरच्या असतात. कांडारं म्हणजे दांड्यांचं बिट, बाजूच्या दांडीला लगाम ओढला की तरफेसारखं काम करतं, जबड्यावर दाब, हनुवटीला साखळीचा दाब, वर कानांमागे डोक्यावर पट्ट्याचा दाब. सोबतीला बारीक साधं बिट, त्याचं नाव उंटरलेगट्रेन्झं. नावात उंट आहे पण घोड्याचंच असतं. बरं त्याचा अर्थ खाली घालायचं, आणि तोंडात बसतं ते कांडारीच्या वर! इथेच माझं अर्धं डोकं गेलं.

आधी माप. बाई म्हणाल्या तोंडातून दोरी घालून एका ओठाच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोज. घरात दोरी कुठली, परकराची नाडी नेली, एका टोकाला गाठ मारली. पहिल्यांदा 13 भरलं, दुसऱ्यांदा 12.5, तिसऱ्यांदा नाडी इतकी चावून ओली झाली की 14. चौथ्यांदा नाडीच गेली, म्हणजे गिळली नाही हो, पण परकराच्या उपयोगाची राहिली नाही.

कांडारं नेमक्या मापाचं लागतं, सैल झालं तर तिरकं होतं. उंटरलेगट्रेन्झं त्याहून अर्धा सेंटीमीटर मोठं. मला वाटायचं जाड बिट म्हणजे मऊ, पातळ म्हणजे क्रूर, म्हणून मी जाडजूड निवडून ठेवलेलं, बाईंनी घोडीचा ओठ वर करून दाखवला, आत बघ म्हणाल्या. आत जीभ. एवढी मोठी जीभ की पाहुण्यांना जागा नाही, आणि मी तिथे दोन सोफे घालायला निघालेले. आंतरराष्ट्रीय नियमातसुद्धा कांडारीची जाडी किमान 12 मिलिमीटर आणि साध्याची 10 एवढीच मागतात. मग जिभेला जागा म्हणून कांडारीला मधे कमान असते ती किती उंच? फार उंच झाली तर वर टाळ्याला, म्हणजे तोंडाच्या छताला, लागते. आमच्या घोडीचा टाळा बुटका. म्हणजे छोटी, रुंद कमान.

खरं घोडं अडलं ते दांडीवर. 5 सेंटीमीटर का 7? छोटी दांडी कमी जोराची पण पटकन लागते, लांब दांडी जोरात पण जरा वेळ घेते. म्हणजे शाळेत एक मास्तर लगेच चापट द्यायचे आणि दुसरे आधी चष्म्यावरून बघायचे, मग द्यायचे. मी आठवडाभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून दांड्यांचे फोटो बघत होते, एका मीटिंगमध्ये चुकून स्क्रीन शेअर झाली तर मॅनेजर म्हणाला हे दार उघडायचं हँडल आहे का. 150 युरोचं हँडल! शेवटी दुकानातून ट्रायलला तीन मागवली, तीच ही सिंकमधली.

5 ची दांडी घालून बघितली. साखळी अडकवताना कड्या पिळून पिळून अशा सपाट करायच्या की एकही उभी राहता कामा नये, सोनाराकडची चपटी चेन असते तशी. लगाम धरला की दांडी 45 अंशाच्या आसपास थांबली पाहिजे. थांबली. घोडीने दोन्ही बिटं जिभेवर फिरवली, जरा चघळली, फेस आणला आणि कान पुढे करून उभी राहिली. एवढ्या आठवड्यांचा घोळ आणि हिला काहीच नाही.

मी वर बसले. हातात चार लगाम, मोजले तर पाच. पाचवी चाबकाची दोरी. मग हाताबाहेर काय गेलं, बोटांमधून काय, करंगळीखाली काय, याचा हिशोब लावेपर्यंत घोडीने स्वतःच वळून अर्धा गोल पूर्ण केला, उगीच कशाला थांबायचं म्हणून. लांबून बाई ओरडल्या, "कांडारं ओढू नकोस, सोड तो लगाम!"

सोडला. दुसराच.