मिरची, मोर आणि पंचगंगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या 20 प्रश्नांच्या प्रश्नमंजूषेवरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि आधी चडफडलोच. ‘कोल्हापुरात राहून मिरची परदेशी म्हणता? मोराच्या पिसात निळा रंग नसतो म्हणता? पंचगंगेच्या नद्या तरी धड मोजता येतात का?’ सगळं एका दमात. पण शेवटचं लागलं, कारण तिथं तुमचंच बरोबर आहे.

माझा प्रश्न होता, ‘पंचगंगा जिथं सुरू होते त्या प्रयाग चिखलीला किती नद्या एकत्र येतात?’ आणि उत्तर दिलं होतं पाच. चूक. डोळ्यांना दिसणाऱ्या नद्या चारच : कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. पाचवी सरस्वती गुप्त, म्हणजे श्रद्धेतली. त्यातही तुळशी वाटेतच भोगावतीला मिळते, चिखलीपर्यंत वेगळी येतच नाही. नावात ‘पंच’ दिसलं आणि मी न मोजता पाच लिहून टाकलं. प्रश्न बदललाय.

शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या तारखेवर मात्र हटणार नाही. 26 जून ही जयंती. 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा 26 जुलै 1902 चा. दोन्हीकडं 26 असल्यानं घोळ होतो, बाकी काही नाही.

आता मिरची. ‘आमच्या आजीची आजी चटणी कांडत होती’ म्हणता. असणारच की! पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा कालिकतला आला 1498 मध्ये, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडं उतरली. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तरी एवढ्या काळात पंधरा-वीस आज्या होऊन जातात. त्याआधी तिखटाला मिरी होती, सुंठ होती, पिंपळी होती. हे नवं फळ आलं तेव्हा मिरीवरनंच त्याला नाव पडलं, मिरची. गंमत म्हणजे स्पेनच्या लोकांनीही नेमकं तेच केलं : मिरी पिमिएंता, मिरची पिमिएंतो. यात आपला कमीपणा कुठं आला? उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीवर, जाऊन बघा. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी, तोंडाला पंचा बांधलेला माणूस आणि रांगेत शिंकणारी अख्खी गल्ली. ती चटणी कोल्हापूरचीच. मिसळीतला बटाटाही अमेरिकेतनंच आला, मटकी मात्र पक्की इथली.

मोराचं भांडण पुस्तकाशिवाय मिटतं. घरात पीस असेल तर ते खिडकीत उजेडाच्या आड धरा. उजेड समोरून पडतो तोवर डोळा निळाहिरवा, मागनं आला की तपकिरी, मळकट. पिसाच्या तंतूंत निळं रंगद्रव्य नसतंच. असतात त्या मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या, ठरावीक अंतरावर रचलेल्या. त्या प्रकाशातला ठरावीकच रंग परत फेकतात, आणि अंतर जरा बदललं की निळ्याचा हिरवा होतो. रोहित पक्ष्याचं उलटं. त्याचा गुलाबी रंग खराखुरा, पण खाण्यातून आलेला. पिल्लं करडीच असतात.

आता हिशेब. 20 पैकी 16 गुण मिळाल्याचं तुम्ही लिहिलंय, पंचगंगेचा धरून 17 झाले. मिरचीचा देत नाही.