खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीतील तपकिरी थराबाबतच्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. घोडबंदर रोडवरील आपल्या घरच्या नव्या टाकीत रेतीवर तपकिरी थर आला, एका दगडावर पारदर्शक फुलासारखे काही उगवले, रात्री केसाळ किडा दिसला आणि आम्ही शेवाळाचे औषध न देता थांबायला सांगितले, म्हणून आपण एक तारा दिला आहे. औषध का दिले नाही, हे येथे सविस्तर सांगणे योग्य वाटते.

तपकिरी दिसणारे सगळेच एक नसते. पाण्याचा हलका झोत मारताच धुळीसारखे उडते ते डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. जांभळट-लाल रंगाचे, सायीसारखे अखंड निघून येते ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. आणि ज्याच्या चिकट तारांच्या टोकाला हवेचे बुडबुडे धरतात, जे रात्री ओसरून दिवे लागल्यावर परततात, ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट, हेही एकपेशीय सूक्ष्मजीव. पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्ये शून्यावर आली की डायनोफ्लॅजेलेट फोफावते, त्यामुळे फॉस्फेट शोषणारे औषध अशा टाकीत दुखणे वाढवते. आपल्या छायाचित्रात बुडबुडे नाहीत, तारा नाहीत. तो थर डायटमचाच दिसतो आणि त्यांना लागणारे सिलिकेट संपले की तो आपोआप विरतो.

मात्र सिलिकेट संपण्यासाठी ते बाहेरून येणे थांबले पाहिजे. आटलेल्या पाण्याची भर आपण घरच्या प्युरिफायरमधून घालता, असे आपणच लिहिले आहे. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अशा बऱ्याच यंत्रांत थोडे कच्चे पाणी परत मिसळले जाते, आणि सोसायटीत टँकर येत असेल तर त्या पाण्याचा भरवसा रोज वेगळा. मत्स्यटाकीसाठी टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर) शून्य दाखवणारेच पाणी हवे.

केसाळ किडा उरलेले अन्न खाऊन रेती साफ ठेवतो. त्याला राहू द्यावे, फक्त उघड्या हाताने धरू नये, कारण त्याचे केस कातडीत रुततात.

पारदर्शक फूल म्हणजे एप्टेशिया, हे टाकीत झपाट्याने पसरणारे उपद्रवी समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी), आणि त्याची आपल्याला वाटणारी काळजी रास्त आहे. आमच्याकडून गेलेला दगड कोरडा, पेटीबंद होता, त्यावर जिवंत काही असणे शक्य नाही. आपण उल्लेख केलेला, परिचितांच्या जुन्या टाकीतील दगड मात्र ओला आला होता. एप्टेशिया खरवडू नये, कारण तळव्याचा बारीकसा तुकडा राहिला तरी त्यातून नवे उगवते. पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा घट्ट लगदा सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडावा. हा रसायन म्हणून चुनाच, पण पानाचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळलेले असेल सांगता येत नाही. पेपरमिंट कोळंबीही एप्टेशिया खाते. मात्र तिच्या नावावर बाजारात खपणारी कॅमल कोळंबी प्रवाळच कुरतडते, तेव्हा पाहून घ्यावी.

थराचा चिमूटभर नमुना टाकीच्याच पाण्यात, झाकणाच्या बाटलीतून घेऊन यावे. सूक्ष्मदर्शकाखाली आपल्यासमोरच पाहू, त्याचे पैसे नाहीत. तोवर कोणतेही औषध घालू नये.