ग्रुपवर 'गेली' म्हणायला बंदी

आईच्या पहिल्या केमोची रात्र. पावणेदोनला ती बाथरूममधून ओरडली, "अगं, रक्त जातंय!" लघवी लाल. फाइलमधले कागद उलटेपालटे केले, काही सापडेना. दोनच दिवसांपूर्वी कॅन्सरच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ॲड केलं होतं, तिथे लिहिलं. तीन मिनिटांत सांगलीच्या एका काकूंचं उत्तर आलं: "लाल सलाईन होतं ना? डॉक्सोरुबिसिन. औषधाचाच रंग तो, एक-दोन दिवसांत जाईल. ताप बघा मात्र. १००.४ ला पोचला तर सकाळची वाट बघू नका, तशाच निघा."

डॉक्टरांनी हे सांगितलंही असेल. 'कॅन्सर' ऐकल्यावर माझ्या कानात पुढचं काही शिरतच नव्हतं.

मग ग्रुपचा नादच लागला. जेवणाला लोखंडाची चव येते? स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, लाकडी घ्या. तोंड आलंय? मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. मुंबईत उतरायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत विचारा. तसं यात नवं काही नाही. परळचं टाटा १९४१ साली उघडलं. बाहेरच्या फुटपाथवर आणि धर्मशाळेच्या नळावर पेशंटची माणसं एकमेकांना हेच तर सांगत आली. आता नळावरचं बोलणं गडचिरोलीतही ऐकू येतं, एवढंच.

पण नळावर अ‍ॅडमिन नसतो.

फेब्रुवारीत एका दादांनी लिहिलं, "ही काल पहाटे गेली. स्टोमा बॅगची न उघडलेली नऊ पाकिटं आहेत, कुणाला हवीत का?" (स्टोमा बॅग म्हणजे ऑपरेशननंतर पोटावर लावतात ती मलमूत्राची पिशवी.) पाच मिनिटांत पोस्ट गायब. नियम म्हणे, फक्त पॉझिटिव्ह. बाकीच्यांचं मन खचतं. आणि 'लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट भारी' हा व्हिडिओ मात्र दिवसभर तिथेच, खाली हात जोडलेल्यांची रांग!

मन खचतं हे खरंय. ती पोस्ट वाचून मीही आईपासून फोन लपवला होता. पण संध्याकाळी तीच म्हणाली, "त्या मनमाडच्या बाई दिवाळीपासून काही लिहीत नाहीत गं." गप्प झालेल्यांचा हिशोब तिच्याकडे चोख होता. मग लपवलं कुणापासून?

आणि ज्यांचा आजार पसरलाय त्यांनी जायचं कुठे? 'मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं का?' हा प्रश्न अशा ग्रुपवर विचारताच येत नाही. नाही, संपलं नाही. ते दुखण्यावरचं औषध आहे, माणसं महिनोन्‌महिने घेतात, नातवंडांशी पत्ते खेळतात. पण हे सांगायला आधी कुणी विचारायला तर हवं. अ‍ॅडमिनसाहेब, डिलीटच करायचं तर लक्ष्मणफळ करा. आणि वाईट बातमीला वेगळा ग्रुप काढा हवं तर, ज्याला झेपेल तो येईल.

त्या दादांना मी पर्सनल मेसेज केला. पाकिटं कोल्हापूरच्या एका आजोबांकडे पोचली. कुरिअरचे पैसे विचारले तर म्हणाले, "राहू द्या ताई. फक्त त्यांना साइझ नीट बसली का तेवढं कळवा."