पाठ निरीक्षण, गोपनीय अहवाल आणि समुपदेशकाची फाईल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मॅडम,

पाठ निरीक्षणावरच्या, म्हणजे शिक्षक शिकवत असताना वर्गात बसून पाहण्यावरच्या, लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन सत्रांत भरणाऱ्या मुंबईतल्या शाळेत ४०-४२ शिक्षकांचे तास पाहायला वेळ नसतो. खरे शेरे लिहिले की शिक्षक दुखावतात, शिक्षक संघटना दारात येते, त्यापेक्षा ‘पाठ उत्तम’ लिहिलेलं बरं. आणि समुपदेशक शाळेच्या पगारावर असेल तर तिच्या नोंदी मुख्याध्यापकांना पाहता आल्याच पाहिजेत. यातलं शेवटचं मला अजिबात मान्य नाही, त्यावर पुढे लिहितो.

आधी वेळेचा हिशेब. शिक्षक ४२ आणि पाहणारे चार: मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, दोन पर्यवेक्षक. म्हणजे माणशी ११ शिक्षक. प्रत्येकाचे सहामाहीत दोन पाठ धरले तर २२ पाठ. तासिका ३५ मिनिटांची, नंतरची चर्चा १५ मिनिटं, लिहायला १० मिनिटं, म्हणजे एका पाठामागे एक तास. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतच्या सहामाहीतून गणपतीची सुट्टी आणि परीक्षांचे आठवडे काढले तरी १६ आठवडे उरतात. आठवड्याला दीड तासाहून कमी. एवढा वेळ निघतो. अडतं ते चर्चेपाशी. सकाळच्या सत्राचे शिक्षक सुटल्या सुटल्या स्टेशनकडे धावतात, त्याच वेळी दुपारचे आत येत असतात, आणि स्टाफरूमच्या त्या गर्दीत जे बोलायचं ते चार जणांच्या देखत बोललं जातं. म्हणून ज्या तासिकेनंतर शिक्षकाची मोकळी तासिका आहे तीच पाहायला निवडा आणि त्या मोकळ्या तासिकेवर बदलीचा वर्ग लावू नका असं वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. चर्चा त्याच दिवशी व्हायला हवी. आठवडाभराने वर्गात कोण काय म्हणालं हे दोघांनाही आठवत नाही, मग गप्पा फळालेखनावर येऊन थांबतात.

आता शेऱ्यांबद्दल, कारण खरं दुखणं इथे आहे. लॉगबुकात, म्हणजे पाठ निरीक्षणाच्या नोंदवहीत, बहुतेक शाळांत असं सापडतं: ‘पाठ परिणामकारक. फळालेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला.’ हे वाचून शिक्षकाने उद्या वर्गात काय वेगळं करायचं? काहीच नाही. तीच तासिका पाहताना जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच वेळेसह उतरवलं तर नोंद अशी होते. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज:

१०.४२ – बाई: “समजलं?” वर्ग: “होऽऽ.” लगेच पुढचं उदाहरण.
१०.४५ – खिडकीजवळचा मुलगा फळ्यावर लिहितो: १/२ + १/३ = २/५. बाई: “चूक. कोण सांगेल?” पहिल्या बाकावरची मुलगी ५/६ सांगते. मुलगा जागेवर जातो.
१०.४६ – सगळे ५/६ वहीत उतरवतात. त्या मुलाच्या वहीत २/५ खोडून ५/६, मधली पायरी नाही.

यात एकही विशेषण नाही, त्यामुळे दुखावण्यासारखं फार थोडं आहे. चर्चेत विचारायचा प्रश्नही आयता मिळतो: “त्याने २/५ कसं काढलं असेल?” अंशात अंश, छेदात छेद मिळवून. बाईंना हे क्षणात कळेल, फक्त वर्गाच्या घाईत त्यांनी तिकडे पाहिलं नव्हतं. २/५ तर अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी येईल का, एवढंच त्या मुलाला विचारलं असतं तर चूक त्याची त्यालाच सापडली असती. पुढच्या पाठासाठी एकच बदल ठरवा: चुकीचं उत्तर आलं की “कसं काढलंस?” विचारायचं आणि थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. दुसऱ्या निरीक्षणात तेवढंच पाहा. एका बैठकीत सहा सुधारणा सांगितल्या तर त्यातली एकही होत नाही.

आधी सांगून पाहिलेला पाठ पुष्कळदा मुलांकडून आधीच करून घेतलेला असतो. प्रश्न पुरा होण्याआधी हात वर जायला लागले की ओळखावं. अशा वेळी शिक्षकाला टोकू नका. दहा मिनिटं बाकांमधून फिरून गेल्या पंधरवड्याच्या वह्या पाहा, त्या सजवता येत नाहीत.

संघटनेची भीती. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांना १९७७चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ची नियमावली लागू आहे. नियम १५ गोपनीय अहवालाबद्दल, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कामावरच्या वार्षिक अहवालाबद्दल, आहे: प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवायचा असतो आणि परिवीक्षेवरच्या कर्मचाऱ्याच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद मुख्याध्यापकांनी ठेवायची असते. परिवीक्षा म्हणजे नोकरीत कायम होण्याआधीचा पारखणीचा काळ. आता बघा, त्या काळात लॉगबुकात ‘पाठ उत्तम’ लिहीत गेलात आणि शेवटच्या महिन्यात ‘काम असमाधानकारक’ लिहिलंत, तर शाळा न्यायाधिकरणापुढे तुमचं लॉगबुकच तुमच्या विरोधात उभं राहील. आणि ते योग्यच आहे. ज्या शिक्षकाला त्या सगळ्या काळात काहीच सांगितलं नाही त्याची नोकरी काढून घेणं अन्याय आहे. गुळमुळीत शेरा म्हणजे चांगुलपणा नव्हे, त्याने शिक्षकाची सुधारायची संधी जाते.

म्हणूनच मूळ लेखात दोन वेगळ्या वह्यांचा आग्रह धरला होता. मदतीसाठी केलेली निरीक्षणं एका वहीत ठेवा. ती शिक्षक आणि पर्यवेक्षक या दोघांपुरती, तिच्यातून गोपनीय अहवालात काही उचलायचं नाही. मूल्यमापनाची निरीक्षणं वेगळी, तारीख सांगून, ठरलेल्या निकषांवर. दोन्ही एकत्र केली की शिक्षक अडचण लपवायला शिकतो, आणि ते कोणीही करेल. मूल्यमापनाचे पाठ एकाच व्यक्तीने पाहू नयेत, हेही महत्त्वाचं. गेट्स फाउंडेशनच्या खर्चाने अमेरिकेत सुमारे ३,००० शिक्षकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की त्याच निरीक्षकाने आणखी एक पाठ पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने पाहिल्याने गुणांची विश्वासार्हता जास्त वाढते. तुमच्याकडे दोन पर्यवेक्षक आहेत, एक पाठ याने आणि एक त्याने पाहिला की झालं.

आता समुपदेशक. तिच्या फाईलमध्ये मुलांनी सांगितलेलं असतं: घरात काय चालतं, कोण मारतं, मनात काय येतं. ही फाईल कार्यालयात वाचली जाते असं एका मुलाला कळलं तरी मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होतं आणि त्या खोलीत पुन्हा कोणी पाऊल ठेवत नाही. तुम्ही लिहिलंत की जबाबदारी शेवटी मुख्याध्यापकांवर येते. येतेच, पण त्यासाठी फाईल उघडावी लागत नाही. काय पाहायचं? भेटींची नोंदवही, म्हणजे तारीख, इयत्ता, वेळ, नावाऐवजी क्रमांक. वर्गशिक्षकाने पाठवलेल्या मुलाची पहिली भेट किती दिवसांत झाली. पालकांची संमतीपत्रं. बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवल्यावर पाठपुरावा झाला का. आणि खोली कशी आहे, हेही. मुंबईत जागेअभावी समुपदेशन स्टाफरूमच्या पार्टिशनमागे किंवा खेळाच्या सामानाच्या खोलीत चालतं, आणि मुलाला वाट पाहत कार्यालयासमोरच्या बाकावर बसावं लागतं. येणाऱ्या मुलांची संख्या कमी दिसली तर समुपदेशकाला जाब विचारण्याआधी तो बाक हलवा. संख्येवर गुण तर देऊच नका. एका मुलाच्या सहा भेटी आणि सहा मुलांची एकेक भेट यात चांगलं काय, हे आकडा सांगत नाही.

कामाचा दर्जा मात्र शाळेबाहेरच्या अनुभवी समुपदेशकानेच पाहावा, नावं झाकून, प्रकरणांवर चर्चा करत. ब्रिटनमधली समुपदेशकांची संघटना बीएसीपी आपल्या मान्यताप्राप्त (अ‍ॅक्रेडिटेड) सदस्यांना महिन्याला किमान दीड तास अशी देखरेख घ्यायला लावते. त्याचा खर्च शाळेने करावा. गोपनीयतेला अपवाद आहेत, ते पहिल्या दिवशीच मुलाला समजेल अशा भाषेत सांगायचे: जिवाला धोका असेल तर पालकांना कळवावं लागतं, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ती दाबून ठेवली तर संस्थेच्या प्रमुखालाही शिक्षा आहे. मुख्याध्यापकांनी पाहायची खरी गोष्ट ही: असं प्रकरण आलं तर कोणी, कोणाला, किती वेळात कळवायचं हे लिहून ठेवलं आहे का.

विशेष शिक्षकांबद्दल, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्यांबद्दलही विचारलंत. त्यांना नेहमीच्या वर्गाचा निरीक्षण तक्ता लावू नका. प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक आराखड्यात जूनमध्ये लिहिलेली उद्दिष्टं आणि दिवाळीनंतरची स्थिती शेजारी ठेवून पाहा.

राहता राहिला तुमचा ‘निरीक्षण म्हणजे छळाचं हत्यार’ हा मुद्दा. काही ठिकाणी तसं होतं, हे मान्य. त्यावर साधा बंदोबस्त आहे: प्रत्येक निरीक्षणाची प्रत त्याच दिवशी शिक्षकाला द्यायची, आणि पाहणाऱ्याच्या सहीखाली शिक्षकाला स्वतःचं म्हणणं लिहायला किमान पाच ओळी मोकळ्या सोडायच्या. मूल्यमापनाच्या निरीक्षणांवरचं ते म्हणणं न वाचता गोपनीय अहवालावर सही करायची नाही.