टॅक्सीच्या टपावरच्या करिअरची दोरी कोण बांधायचं?

नमस्कार.

‘टॅक्सीवाल्याचा मुलगा’ एवढंच नाव तुम्ही दिलंयत, तेव्हा नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. दोनदा उत्तर लिहिलं, दोन्ही वेळा ते तावातावाचं झालं म्हणून पुसलं. हे तिसरं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी मागे लिहिलं होतं की मुंबईच्या वादकाला खऱ्या अर्थाने दोनच गाड्या पावल्या, फियाट (हीच पुढे पद्मिनी, काळी-पिवळी टॅक्सी) आणि मारुतीची ओम्नी व्हॅन. आताच्या गाड्या नुसत्या मिरवायच्या. त्यावर या गृहस्थांनी लिहिलं: ‘तुम्ही फियाट मागच्या सीटवरून पाहिलीत. माझ्या वडिलांनी ती बावीस वर्षं चालवली. सामानाचे वेगळे पैसे मागितले की तुम्हाला लूट वाटते, मग तुमचं बिऱ्हाड टपावरच्या करिअरवर कोण चढवायचं? पद्मिनी २००३ पर्यंत बनत होती हे चूक आहे. ओम्नी म्हणजे पत्र्याचा डबा होती, गेली ते बरं झालं. आताच्या गाड्या सगळ्या बाबतीत सरस आहेत, रडगाणं पुरे. आणि तुम्ही स्वतः काय चालवता ते सोयीस्करपणे लिहिलंच नाहीत.’

सालाचं आधी उरकतो. चूक माझीच. २००३ मध्ये थांबली ती टॅक्सीची नोंदणी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं धरलेलं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहरात अधिकृतपणे उरली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडणं मात्र त्याच्या आधीच थांबलं होतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता फियाट. (१९७०च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, पण आमच्या गल्लीत शेवटपर्यंत कुणी पद्मिनी म्हटलं नाही. फियाटच.) मी तिची तारीफ केली ती पुढच्या सलग सीटसाठी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीला, खाली जमिनीवर काही नाही. त्यामुळे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस यांच्या मधोमध ढोलकी आडवी झोपवता यायची, वर हात ठेवून बसलं की ती हलायची नाही. मागे तिघं, त्यांच्या पायाशी हार्मोनियम, मांडीवर डग्गा. तंबोरा असला तर त्याचा भोपळा मागे आणि गळा पुढच्या सीटच्या पाठीवरून पुढे. चार मीटरपेक्षा थोडी कमीच लांबीची ती गाडी, आणि तिच्यातून आम्ही अख्खं भजनी मंडळ नेलेलं आहे.

तुम्ही लिहिलंत की त्या गिअरने तुमच्या वडिलांचा डावा खांदा कायमचा गेला. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही; दिसत होतंच. परळच्या चढावर सिग्नलला दुसऱ्यातून पहिल्यात येताना ते लोक कसे खांदा उचलून दांडा ओढायचे ते मी शेकडो वेळा बघितलंय. क्लच जड, स्टिअरिंगला पॉवरबिवर नाही, मे महिन्यात वारा म्हणजे ती तिकोनी काच. इतकं बघितलेलं असून लिहिताना सुचू नये, याची मला जास्त लाज वाटली. मधे ढोलकी बसवली की ड्रायव्हरचं कोपर अडायचं, तेही आठवलं. एकाने मला ‘भाऊ, हे तुमचं पिल्लू जरा तिकडं घ्या’ म्हटलं होतं. मी विनोद म्हणून हसलो होतो.

लुटीचं सांगतो, कारण तो शब्द एका विशिष्ट रात्रीवरून आला होता आणि ती रात्र मी लेखात अर्धीच सांगितली होती.

माझी ओम्नी गॅरेजला होती. परळच्या एका हॉलमधला ऑर्केस्ट्रा संपवून आम्हा दोघांना भांडुपला जायचं होतं. माझ्याकडे ढोलकी, ढोलक, तबला-डग्गा, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि त्याचा स्टँड; मित्राकडे कीबोर्ड. रात्रीचा पाऊण. फियाट मिळाली, डिकी उघडली, तर आत सीएनजीची टाकी आडवी पसरलेली. २००० नंतर काळ्या-पिवळ्या एकामागून एक गॅसवर गेल्या तेव्हापासून हेच झालं होतं: टाकीने डिकी खाल्ली आणि सामान टपावर गेलं. मुंबईची टॅक्सी म्हटलं की करिअर डोळ्यांपुढे येतं, त्यातला निम्मा मान त्या टाकीचा आहे.

ड्रायव्हर पन्नाशीचा असेल. त्याने आधी करिअरवर गोणपाट अंथरलं. कीबोर्ड खाली, स्टँड त्याच्या बाजूने, वर ढोलक. तबला-डग्गा वर ठेवू दिला नाही. म्हणाला, कातडं आहे, दव पडतं, आत घ्या. मग दोरी, आणि दोरीवरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. सायनपासून भांडुपपर्यंत खड्ड्यांची कमी नव्हती, पण वरून एकदाही आवाज आला नाही. उतरल्यावर त्याने मीटरवर नगाप्रमाणे लगेजचे पैसे मागितले. तो ठरलेला दर असतो, त्याने मनाने लावलेला नव्हता. मी हुज्जत घातली. शेवटी दिले, पण ‘लूट आहे’ म्हणून दिले. लेखात हुज्जत आली, गोणपाट आलं नाही. बास, याहून जास्त सफाई माझ्याकडे नाही.

ओम्नीबद्दल मात्र पूर्ण माघार घेणार नाही.

१९८४ साली ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली, २०१९ मध्ये बंद. इंजिन मारुती ८००चंच, ७९६ सीसी. साडेतीन मीटरसुद्धा लांबी नाही. तरी तिच्यात मी ड्रमसेट, दोन पंधरा इंची स्पीकर, ॲम्प्लिफायर, वायरींची पेटी आणि तीन माणसं घेऊन वाशीला गेलोय. हे जमायचं कारण इंजिन पुढच्या सीटखाली होतं. पुढे बोनेट नाही, म्हणजे गाडीची जवळजवळ सगळी लांबी आतच. मागची सीट काढली की सपाट फळी. आणि सरकतं दार! दादरच्या किंवा गिरगावच्या गल्लीत दोन गाड्यांच्या फटीत उभं राहून ज्याने स्पीकर काढलाय त्याला त्या दाराची किंमत कळेल. बाहेर उघडणारं दार तिथे वीतभर उघडतं, पुढे दुसऱ्याची गाडी.

इंजिन सीटखाली असल्याचा एक उपद्व्याप कुणी लिहीत नाही. पुढच्या सीटच्या मागे तबला ठेवला तर भांडुप ते बोरिवली एवढ्यात पुडी (वरचं कातडं) तापून स्वर चढायचा. स्टेजवर बसून हातोडीने उतरवत बसा. पावसाळ्यात उलट. जुलैत कातडं ओलावून बसलेलं असायचं, तेव्हा मी ढोलकी मुद्दाम तिथेच ठेवायचो. उतरेपर्यंत शाई आणि धूम दोन्ही बाजू बोलायला लागलेल्या असायच्या.

आता तुमचा मुद्दा, पत्र्याचा डबा. बरोबर आहे. पुढे बोनेट नाही याचाच दुसरा अर्थ पुढे फक्त चालवणाऱ्याचे गुडघे आहेत. आम्हाला जी जागा मिळाली ती तिथून काढलेली होती. २०१९ मध्ये नवे सुरक्षा-नियम आले, धडकेच्या चाचणीचे, आणि ती त्यांत बसण्यासारखी नव्हती. गेली ते बरं झालं हे मी मान्य करतो. सोयीची होती हे तुम्ही मान्य करा. तुमच्या वडिलांचा खांदा आणि ओम्नीवाल्याचे गुडघे, दोन्ही ठिकाणी आमच्या पेट्यांनी कुणाच्या तरी अंगावरच जागा केली होती, हे तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत मी या शब्दांत कधी मांडलं नव्हतं.

पण आताच्या गाड्या ‘सगळ्या बाबतीत’ सरस? इथे भांडतो.

सुरक्षित आहेत, थंड आहेत, चढावर रडत नाहीत. सामानासाठी नाहीत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी कर कमी झाला. त्यानंतर प्रत्येक कंपनीने गाडी त्या चार मीटरमध्ये कोंबायला सुरुवात केली. बोनेट पाहिजेच, माणसांचे पाय पाहिजेतच, मग कात्री लागली ती शेपटाला. सेडानची डिकी तर कुणी सुरीने कापल्यासारखी झाली. वरून सीएनजी घेतलं की तिच्यात टाकी. अलीकडे काही गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या फळीखाली घालतात, ती अक्कल वीस वर्षं आधी सुचायला हवी होती. ॲपवर गाडी बोलावली की ड्रायव्हरचा पहिला फोन येतो, ‘सामान किती आहे?’ आणि ऐकून तो भाडं रद्द करतो. त्याला तरी काय बोलणार, ठेवणार कुठे?

माझ्या मुलाकडे उंच, ऐटबाज, चार मीटरच्या आतली एसयूव्ही आहे. तिच्या डिकीचा उंबरा माझ्या मांडीच्या वर येतो. अठरा-वीस किलोचा स्पीकर आधी तेवढा उचला, मग आत खोल खड्ड्यात उतरवा, काढताना उलटं. लिटरमध्ये डिकी मोठी सांगतात, पण स्पीकर काही पाणी नाही ओतायला. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड तिरका करून जातो. ८८ पट्ट्यांचा मागची सीट पाडल्याशिवाय नाही, आणि सीट पाडली की वादक कुठे बसवायचा?

याबाबतीत जुनी मॅटॅडोर बघा. बजाज टेम्पोची व्हॅन. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवायचं, मागे जाणारा शाफ्टच नाही, म्हणून फळी जमिनीच्या जवळ. ऑर्केस्ट्राचे लोक ती भाड्याने घ्यायचे ते उगाच नाही. ॲम्प्लिफायर दोघांनी सरळ ढकलत आत न्यायचा. (लहान मालगाडीला आपण सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो तो शब्दही त्याच कंपनीच्या नावातला, मूळ जर्मनीतून आलेला.) २००५ मध्ये टाटा एस आली आणि साऊंडवाल्यांचा प्रश्न बराच सुटला. ‘छोटा हत्ती’ हे नाव लोकांनी दिलं तेच बरोबर आहे. फक्त त्यात वादक बसत नाही. वाद्यं हत्तीवर आणि वादक रिक्षात. आणि रिक्षा सायन किंवा वांद्र्याच्या पुढे शहरात जात नाही, हे आपलं मुंबईचं आणखी एक.

‘खरे वादक लोकलच्या लगेजच्या डब्यातून जायचे’ असंही तुम्ही लिहिलंत. मीही गेलोय, मासळीच्या टोपल्यांशेजारी ढोलकी मांडीवर घेऊन. जायला ठीक होतं. यायचं काय? गणपतीतले ऑर्केस्ट्रा तेव्हा रात्रभर चालायचे, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत आम्ही फलाटावर पेटीला टेकून झोपायचो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे. उघड्यावर रात्री दहाला आवाज बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. त्यामुळे आता गंमत अशी की सामान आवरून शेवटची लोकल मिळू शकते. पण लगेजच्या डब्यात आता उभं राहायला जागा असेल तर शपथ.

तर मी काय चालवतो. लिहिलं नव्हतं कारण सांगण्यासारखं काही नाही. मारुतीची एको आहे. पाच सीटची, पेट्रोल, पांढरी. २०१० मध्ये हा प्रकार आला, ओम्नीचीच धाकटी बहीण. हिलाही इंजिन सीटखाली, पण पुढे छोटंसं नाक आहे. दार सरकतं. गॅस मुद्दाम बसवला नाही, डिकी जाते म्हणून. पेट्रोलचं बिल बघून बायको दर महिन्याला तो विषय काढते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या गाड्यांना मुंबईच्या पाचही नाक्यांवर टोल माफ झाला तेव्हा तिचं तोंड दोन महिने बंद होतं. मुलाचे मित्र विचारतात, ‘काका, स्कूल व्हॅन चालवता का?’ प्रोग्रॅमही आता महिन्याला एखादा. तबला-डग्गा, ढोलकी, पॅड. एवढ्यासाठी खरं तर मुलाची गाडीही चालेल; उंबरा सोडला तर.

एक विचारायचं राहिलं. त्या रात्री भांडुपला दोरी सोडायला मी स्वतः टपाशी गेलो होतो, कारण पैशांवरून आमची बोलाचाली झाली होती आणि मला त्याचे उपकार नको होते. पाच मिनिटं झगडलो, गाठ सुटेना. तो शेवटी आला, एक टोक कुठूनसं ओढलं आणि सगळी दोरी सळ्ळकन मोकळी झाली. ती गाठ मला आजवर जमलेली नाही. तुमच्या वडिलांना येत असेल तर त्यांना विचाराल? मोबाइलवर हात दिसतील एवढं शूट करून पाठवलंत तरी चालेल.