हिरवट नको, गुलाबी नको, नुसता राखाडी द्या

काल रात्री एकच छायाचित्र मी अकराव्यांदा छापले आणि अकराव्यांदाही त्यातले ढग राखाडी आले नाहीत. मेजावरच्या दिव्याखाली ते किंचित गुलाबी दिसत होते. सकाळी तोच कागद खिडकीपाशी नेला, तर त्याच ढगांवर शेवाळ धरल्यासारखी हिरवट झाक होती. फाइलमध्ये रंगाचा लवलेश नाही. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनलचे आकडे प्रत्येक पिक्सेलला सारखे आहेत, हे मी स्वतः तपासले आहे. मग हा रंग येतो कोठून? तो आपणच विकत घेतलेला असतो, आपणच कार्ट्रिजमधून प्रिंटरला पाजलेला असतो, आणि ‘कृष्णधवल छायाचित्र’ छाप असे सांगितले की प्रिंटर तो निमूटपणे काळ्याच्या आडून कागदावर सोडतो.

ज्यांनी या फंदात अजून पाऊल टाकलेले नाही, त्यांना हे खरे वाटणार नाही. साध्या रंगीत पद्धतीने छापले, तर चित्रातल्या करड्या भागाचा बराचसा हिस्सा सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळ्या ठिपक्यांनी बनतो. तीन रंग एकमेकांना नेमके खोडून काढतील या भरवशावर सगळा डोलारा उभा असतो, आणि तिघांपैकी एकाचे प्रमाण तसूभर ढळले की राखाडी गेलाच म्हणून समजावे. इतर कोणत्याही रंगात एवढा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. लाल छत्री जरा नारिंगी छापली गेली म्हणून कोणी भांडत नाही. पण राखाडीत डोळा अतिशय चोखंदळ असतो. रंग आकड्यांत मांडणाऱ्या ‘लॅब’ (L*a*b*) मोजमापात जे दोन आकडे लाल-हिरवा आणि पिवळा-निळा कल दाखवतात, ते शून्यापासून एक-दोन एकके जरी सरकले, तरी शेजारी ठेवलेल्या दोन प्रिंटमधला फरक नवख्यालाही कळतो.

त्यात हे संतुलन एकाच प्रकाशापुरते असते. तीन रंगीत शायांनी जमवलेला राखाडी प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश सारखा परत पाठवत नाही. एका दिव्याखाली हिशेब जुळतो, दुसऱ्याखाली बिघडतो, आणि आजकालचे एलईडी दिवे तर दिसायला पांढरे असले तरी त्यांच्या वर्णपटात चढउतार भरपूर असतात. याला सगळे मेटामेरिझम म्हणतात. शास्त्रशुद्ध बोलणारे लगेच दुरुस्ती करतात, की मेटामेरिझम म्हणजे एका प्रकाशात सारखे दिसणारे दोन नमुने दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसणे, एकट्या प्रिंटला तो शब्द लागू नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याने माझे ढग राखाडी होत नाहीत.

काळ्या शाईच्या दोन-तीन पातळ छटा देणारे प्रिंटर येऊन आता बराच काळ लोटला. एप्सनची तीन काळ्यांची के-3 शाई 2005 साली आली, तेव्हा रंगीत शाईवरचा भार खरोखरच हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याने प्रश्न संपला, असे जे समजतात त्यांनी एकदा केवळ काळ्या शाईने छापून पाहावे. कार्बन रंगद्रव्य दाट असताना काळे दिसते, मात्र पातळ केले की तपकिरीकडे झुकते. म्हणजे शुद्ध काळ्याने काढलेला राखाडी चहाच्या डागासारखा उबदार येतो, आणि तो थंड करायला पुन्हा थोडा सायन, थोडा मॅजेंटा घालावाच लागतो. ज्या रंगांना हाकलण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच मागच्या दाराने आत!

आणि मग ड्रायव्हरमधले, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले, ते रंगचक्र. मध्यभागी एक ठिपका, तो इकडे सरकवला की उबदार, तिकडे सरकवला की थंड, आणि बाजूला ‘न्यूट्रल’ नावाचा पर्याय. हे न्यूट्रल कोणाच्या मताने, कोणत्या कागदावर, कोणत्या दिव्याखाली, याचा उल्लेख कोठेही नाही. एका कागदावर ते निळसर येते, दुसऱ्यावर जांभळट. शिवाय ते चक्र सबंध चित्राला एकच झाक देते, आणि माझे दुखणे एकसारखे नसतेच: गडद भागात मॅजेंटा डोकावतो, मधल्या छटा हिरव्या होतात, आणि उजळ भागात कागद स्वतःचा रंग दाखवू लागतो. गुलाबी काढायला ठिपका हिरव्याकडे नेला, की सावल्या सुधारतात आणि चेहऱ्यावर कावीळ झाल्यासारखी कळा येते.

कागदाविषयी तर बोलायलाच नको, पण बोलतो. पाकिटावर ‘शुभ्र’ लिहिलेल्या पुष्कळ कागदांत चमक आणणारी रसायने असतात. ती अतिनील किरणे शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. खिडकीपाशी कागद निळसर, अतिनील किरणे नसलेल्या दिव्याखाली तोच पिवळट, आणि काही वर्षांनी ती रसायने निकामी झाली की कायमचाच पिवळट. उजळ छटांमध्ये शाई जेमतेम असते, तेव्हा तेथे जो रंग दिसतो तो कागदाचाच.

एवढ्या कटकटीत भर म्हणून सल्ले. ‘मॉनिटर कॅलिब्रेट केला आहे का?’ (म्हणजे पडद्याचे रंग मोजून नेमके केले आहेत का) हा पहिला सल्ला, दर वेळी. अहो, आकडे समान आहेत म्हटल्यावर मॉनिटरचा संबंध येतो कोठे? मॉनिटर जांभळा असो की आंधळा, प्रिंटरकडे जाणारे आकडे बदलत नाहीत. विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत: त्या प्रिंटर-कागदासाठी रंगांचे आकडे बदलून देणारे ‘प्रोफाइल’ छपाईचे सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर असे दोघेही लावत नाहीत ना (तसे झाले की प्रिंट बहुतेक मॅजेंटाकडे झुकते), आणि नोझल, म्हणजे शाई फवारणारी छिद्रे, तपासली का. फिकट मॅजेंटाची काही छिद्रे तुंबली की रंगीत चित्रात बिनबोभाट खपून जाते. राखाडीत मात्र ताबडतोब हिरवा उमटतो. माझ्या पहिल्या चार प्रिंटचा दोष तेवढाच होता. ते शोधण्यात एक सबंध संध्याकाळ गेली, आणि नोझल साफ करताना आणखी शाई गटारात गेली ती वेगळीच.

उपाय नाहीत असे नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो. रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोनरिप या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती शाई कोठे किती पडावी हे आपण ठरवू शकतो, उबदार आणि थंड वक्र (कोणत्या छटेला किती शाई, याचे आलेख) मिसळून सावल्या, मधल्या छटा आणि उजळ भाग निरनिराळे हाताळू शकतो. पण त्यासाठी प्रत्येक कागदाची स्वतंत्र पट्टी छापायची, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या 21 पायऱ्या, ती दिवसभर वाळू द्यायची, कारण ओली असताना तिची झाक वेगळी असते, मग स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंगमापक यंत्राने एकेक पायरी मोजायची, वक्र सुधारायचा आणि पुन्हा छापायचे. हे काम ज्याने प्रिंटर बनवला त्याचे की ज्याने विकत घेतला त्याचे? अंधारखोलीत चांदीचा कागद (चांदीच्या क्षारांचा थर असलेला जुना फोटो-कागद) धुणाऱ्यांना आपापली दुखणी होती, रसायनांचा वास होता, हात पिवळे व्हायचे. पण धुतलेली चांदी खोली बदलली म्हणून हिरवी होत नसे. सेलेनियम या रसायनाची झाक हवी असली तर ती मुद्दाम आणावी लागे. येथे झाक न मागता मिळते आणि घालवण्यासाठी झटावे लागते.

या क्षणी मेजावर अकरा ढग वाळत पडले आहेत. सातवे त्यातल्या त्यात बरे आहे, दिव्याखाली तरी. ज्यांना ते द्यायचे आहे, त्यांना मी काल विचारले, चित्र कोणत्या उजेडात लावणार? ते म्हणाले, ‘दिवसा खिडकीसमोर, रात्री जो दिवा असेल त्यात.’ बारावे प्रिंट आता लावले आहे.